उजवा कान आणि घशाची उजवी बाजू सात महिने दुखतेय, तपासणीत कान मात्र स्वच्छ

कृष्णाकाठ

नमस्कार. मी कराडजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय 43. गेल्या ऑगस्टपासून उजवा कान आतून ठणकतोय आणि घशाच्या उजव्या बाजूला बाभळीचा काटा रुतून मोडावा तसं टोचतं. ताप नाही, कान वाहत नाही, ऐकू नीट येतं.

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मळ काढून थेंब दिले. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. पडदा चांगला आहे म्हणाले आणि पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली. फरक पडला नाही, तेव्हा पित्त घशापर्यंत येतंय म्हणून दोन महिने रिकाम्या पोटी गोळी. चहा सोडला, चिंच सोडली. कान होता तसाच. तिसऱ्या ठिकाणी ऐकण्याची तपासणी झाली, तीही नॉर्मल. तिथं सांगितलं, ताण कमी करा, मनावर घेऊ नका. त्या दिवशी स्टँडवर बसून रडले मी. दुखणं दिसत नाही म्हणून ते नाहीच, असं कसं?

कधी दुखतं ते सांगते. फळ्यावर लिहिताना मान उजवीकडे वळवून मागच्या पोरांकडे पाहिलं की कळ घशातून थेट कानात जाते. जांभई दिली की तेच. भाकरीचा मोठा घास गिळताना होतं, पातळ आमटीला कमी. 2009 साली टॉन्सिल काढलेत. आता पुढं कुणाकडे जाऊ? घरचे म्हणतात मेंदूचा एमआरआय करून टाक.

दंतवैद्य_नाशिककर

ताई, कान तपासून काही सापडत नाही याचा अर्थ दुखणं खोटं आहे असा मुळीच नाही. कानाला संवेदना देणाऱ्या नसा दात, जबडा, जिभेचं मूळ, टॉन्सिलची जागा आणि स्वरयंत्र यांनाही जातात. मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या नसेच्या फांद्या आहेत, शिवाय मानेच्या वरच्या मणक्यांतून येणाऱ्या दोन. एकाच डीपीवरून चार घरांना लाईन गेलेली असावी तसं आहे हे. बिघाड एका घरात असतो, दिवा दुसऱ्याच घरातला लुकलुकतो.

मी रोज पाहतो ते जबड्याच्या सांध्याचं दुखणं. हा सांधा कानाच्या अगदी पुढ्यात असतो. दोन्ही कानांपुढं बोटं ठेवून तोंड सावकाश उघडा-मिटा. कट्‌कट्‌ वाजतं का, जबडा एका बाजूला सरकतो का? सकाळी उठल्यावर गाल आंबलेले असतात का? रात्री झोपेत दात आवळणाऱ्यांना बहुधा ते ठाऊकच नसतं, घरच्यांना विचारा. अर्धवट उगवलेली अक्कलदाढही कान दुखवते.

एमआरआयच्या आधी ओपीजी काढा. पूर्ण जबड्याचा एकच एक्सरे असतो, काही शे रुपयांत होतो.

पाटण_तालुका

ताई, मी डॉक्टर नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या वडिलांचा डावा कान चार महिने दुखत होता. थेंब घालत राहिलो. वडील 40 वर्षं तंबाखू खाणारे. शेवटी गळ्याला सुपारीएवढी गाठ लागली तेव्हा दुर्बीण घातली, तर जिभेच्या मुळाशी कॅन्सर. परळला उपचार झाले. आज वडील आहेत, मऊ भात खातात, आवाज घोगरा झालाय. ते चार महिने मात्र मला अजून झोपू देत नाहीत.

तुम्हाला घाबरवायचं नाही. पण आपल्या भागात कितीतरी बायका मिश्री लावतात आणि डॉक्टरांना सांगायला लाजतात. तुम्ही लावत असाल तर आधी तेच सांगा. वजन उतरलंय का, आवाज बसून तीन आठवडे झालेत का, थुंकीतून रक्त येतं का, मानेला गाठ लागते का? यातलं काही असो वा नसो, एकाच बाजूचा कान इतके महिने दुखतोय आणि कानात काही नाही, म्हणजे घशात खालपर्यंत दुर्बीण घालून पाहिलंच पाहिजे. नुसती बॅटरी मारून "आ करा" एवढ्यावर उठू नका.

घाटातला_ड्रायव्हर

ताई, तुमचं वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण हे माझंच दुखणं आहे, फक्त माझं डाव्या बाजूला होतं. मी एसटीवर ड्रायव्हर. डावीकडच्या आरशात बघायला मान वळवली की घशातून कानात करंट जायचा. कुंभार्ली घाटात एकदा स्टिअरिंगवरचा हात सुटता सुटता राहिला. दोन वर्षं काढली. मध्ये एक चांगली दाढ उपटली गेली, ती आता परत येत नाही.

निदान झालं ते दुसऱ्या दाताला कॅप बसवताना. तिथल्या मॅडमनी ओपीजी बघून विचारलं, मान वळवली की दुखतं का हो? कानाखालून, कवटीच्या तळापासून घशाच्या दिशेनं एक सुईसारखं हाड उतरतं, स्टायलॉइड म्हणतात. ते साधारण अडीच-तीन सेंटीमीटरचं असतं. माझं साडेचार निघालं. याला ईगल सिंड्रोम म्हणतात. ईगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1937 साली ते पहिल्यांदा नीट मांडलं, आणि त्यांनी पाहिलेल्या बऱ्याच जणांचे टॉन्सिल आधी काढलेले होते. तुम्ही 2009 लिहिलंत तिथंच मी थांबलो.

डॉक्टरांना हात जोडून सांगा, हातमोजा घालून टॉन्सिलच्या खोबणीत बोटानं दाबून बघा. माझ्या वेळी बोट टेकताच डोळ्यांत पाणी आलं.

दंतवैद्य_नाशिककर

दादांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. टॉन्सिलचं माझ्या नजरेतून सुटलं होतं. एक मात्र लक्षात असू द्या: हाड लांब असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. एक्सरेत लांब दिसलं म्हणून लगेच ऑपरेशन ठरवू नका. बोटानं दाबून तीच कळ उठते का, आणि तिथं बधिर करायचं इंजेक्शन दिल्यावर ती थांबते का, याला जास्त किंमत आहे.

कृष्णाकाठ

मिश्री पूर्वी लावायचे. लग्नानंतर सासूबाईंबरोबर सुरू झाली, सहा वर्षं लावली, मुलगी झाली तेव्हा सोडली. आजवर एकाही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. पाटणचे दादा, तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून लिहिते आहे. वजन तेवढंच आहे, गाठ नाही. जबडा वाजत नाही. येत्या शनिवारी कोल्हापूरला जाते.

कृष्णाकाठ
(पाच आठवड्यांनी)

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. वहीच्या एका पानावर कधी दुखतं, कधी नाही, कोणती औषधं झाली, टॉन्सिल, मिश्री, सगळं लिहून नेलं. डॉक्टरांनी ते पान पूर्ण वाचलं. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला दहा मिनिटं दिली.

आधी नाकातून दुर्बीण घातली. जिभेचं मूळ, स्वरयंत्र, सगळं पडद्यावर मलाही दाखवलं, गुलाबी आणि स्वच्छ. मग मी बोटाचं विचारलं. त्यांनी हातमोजा चढवला, डाव्या बाजूला दाबलं, नुसती ओकारी आली. उजव्या बाजूला दाबलं आणि मी खुर्चीचा दांडाच पकडला. तोच काटा, तोच कान. बोटाला टोक लागतंय म्हणाले. बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांनी मान वळवायला सांगितली. वळवली. काही नाही! पुन्हा वळवली. सोबत आलेला भाऊ म्हणाला, ताई, हसतेयस तू.

सीटी स्कॅनमध्ये उजवं हाड 4.1 सेंटीमीटर, डावं 2.8. सध्या नसेच्या दुखण्याची गोळी रात्री घेते. कळ निम्म्यानं उतरलीय, पण सकाळी पहिल्या तासाला झापड येते. गोळीनं भागलं तर ठीक, नाहीतर ऑपरेशन, तोंडातून किंवा मानेवरून. शाळा मेमध्ये बंद, जूनच्या मध्याला उघडते. ड्रायव्हर दादा, तुमचं कुठून झालं? मोठ्यानं बोलायला किती दिवस लागले? माझ्या वर्गात 38 पोरं आहेत, हळू बोलून चालत नाही.

घाटातला_ड्रायव्हर

ताई, माझं मानेवरून झालं. तीन दिवस दवाखान्यात होतो. दहाव्या दिवशी बोलणं नेहमीसारखं, पण मान पुरी वळायला महिना गेला. ओठाचा डावा कोपरा पाच-सहा आठवडे ओढल्यासारखा होता, चहा सांडायचा. मग आपोआप सुधारला. कानाची पाळी अजून थोडी बधिर आहे. करंट पहिल्या दिवशीच गेला, बारीक ठणका जायला तीन महिने लागले. करायचंच ठरलं तर मेच्या पहिल्या आठवड्यात करा, म्हणजे शाळेआधी पुरता महिना हाती राहील. आणि तोंडातून करणार असतील तर टाके आत येतात, खाण्याचं नीट विचारून घ्या, भाकरी किती दिवस बंद ते.