मदत हवी आहे : मॅटलॅबमध्ये ओडीई४५ संपतच नाही, कोणता सॉल्व्हर घेऊ?

नमस्कार मंडळी,

रासायनिक अभिक्रियांच्या गतीचं एक मॉडेल मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये सोडवतेय. तीन घटक, तीन डिफरेन्शियल इक्वेशन्स, दिसायला अगदी छोटं. वेगस्थिरांक मात्र ०.०४, १० हजार आणि ३ कोटी असे आहेत. सुरुवातीला पहिला घटक १, बाकी दोन शून्य.

४० सेकंदांपर्यंत ओडीई४५ (मॅटलॅबमधला सॉल्व्हर, म्हणजे डिफरेन्शियल इक्वेशन्स स्टेप-स्टेपने सोडवणारं फंक्शन) व्यवस्थित उत्तर देतं. मला ४० लाख सेकंदांपर्यंत जायचंय आणि तिथे ते संपतच नाही. ओडीईसेटमध्ये (सॉल्व्हरची सेटिंग्ज ठरवणारं फंक्शन) स्टॅट्स, म्हणजे स्टेप्सचा हिशेब, चालू केलं तर ४० सेकंदांतच हजारो स्टेप्स दिसतात. नवल याचं की आलेख तोवर बराच संथ झालेला असतो, बारीक स्टेप्स घ्याव्यात असं तिथे काही घडतच नाही! रिलेटिव्ह टॉलरन्स (उत्तराच्या प्रमाणात चालणारी चूक) १०^-३ वरून १०^-२ केला, तरी स्टेप्स फारशा घटल्या नाहीत.

आधी ओडीई४५ वापरा, असं हेल्प सांगतं. पुढे ओडीई१५एस, ओडीई२३एस, ओडीई२३टी अशी यादी आहे. प्रत्येक पानावर फंक्शन कसं वापरायचं ते आहे, पण माझ्या समीकरणांना कोणतं लागेल हे कशावरून ओळखायचं? एकेक घालून बघता येईल, पण मला कारण समजून घ्यायचंय. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद : टॉलरन्स सैल करूनही स्टेप्स घटत नाहीत, हीच स्टिफ प्रश्नाची खूण, म्हणजे ज्यात फार वेगवान आणि फार संथ बदल एकत्र असतात असा प्रश्न. इथे स्टेपचा आकार अचूकतेमुळे नाही, स्थिरतेमुळे (उत्तर उसळू नये म्हणून) ठरतो. तुमचा दुसरा घटक तयार होताच संपतो, त्याचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळाचा. ओडीई४५ एक्स्प्लिसिट आहे, म्हणजे पुढची किंमत आधीच्या किमतींवरून थेट काढतं. तो वेगवान भाग निवून गेला तरी त्याला मोठी स्टेप घेता येत नाही, घेतली की उत्तर उसळतं. या हिशेबाने ४० लाख सेकंदांना अब्जावधी स्टेप्स लागतील. ओडीई१५एस घ्या. ते इम्प्लिसिट आहे, म्हणजे पुढची किंमत समीकरण सोडवून काढतं, त्यामुळे मोठ्या स्टेपनेही उसळत नाही. सूत्राची ऑर्डर (अचूकतेची पातळी) १ ते ५ मध्ये ते स्वतः बदलतं. फंक्शनची फाइल तीच राहू द्या, फक्त सॉल्व्हरचं नाव बदला.

धागाकर्ती : झालं, अगदी क्षणात! पण दुसरा घटक आलेखात शून्यावरच चिकटलेला दिसतोय.

प्रतिसाद : तो फार तर ०.००००३६ च्या आसपास जातो, म्हणून दिसत नाही. १० हजारांनी गुणून सेमीलॉगएक्सवर (आडवा अक्ष लॉग स्केलचा असलेला आलेख) काढा. आणि ॲब्सोल्यूट टॉलरन्स (किंमत कितीही लहान असली तरी चालणारी चूक) मुळात १०^-६ असतो, या घटकासाठी तो फार ढोबळ आहे. ओडीईसेटमध्ये तीन घटकांना तीन वेगळे आकडे देता येतात, मधल्याला १०^-१० द्या. तिन्हींची बेरीज शेवटपर्यंत १ राहते का, तेही तपासा. मॅटलॅबमध्येच एचबी१ओडीई नावाची उदाहरणाची फाइल आहे, त्यात हाच प्रश्न सोडवलाय. एडिट करून उघडा आणि तुमच्या कोडशेजारी ठेवून वाचा.