अँजिओग्राफीच्या टायमाले गुंगीचं इंजेक्शन सगळ्याईले द्यावं का नाई?

वणीवाला:
मागच्या महिन्यात बाबाची अँजिओग्राफी झाली नागपूरले. मनगट बधिर केलं, बाकी बाबा टक्क जागे. भेवानं थरथरत होते, हाताची नस अशी आखडली का नळी पुढं सरकेचना, शेवटी जांघेतून करा लागली. भेवानं नस आकसते हे डॉक्टरलोकाईले माहीत असते, मंग मिडाझोलमचा, म्हंजे त्या गुंगीच्या औषधाचा, हलका डोस आधीच काऊन देत नाई? ज्या माणसानं जन्मात कधी सलाईन नाई लावली त्याले तुमी त्या एसीच्या खोलीत उघडं निजवता अन् वरून म्हणता हलू नका!

कॅथलॅबवाला:
भाऊ, "सगळ्याईले" म्हणता तिथंच गडबड हाय. टेबलावर पेशंट बोलता पायजे, छातीत दुखते का हे तोच सांगते, फोटो काढताना श्वास रोखा म्हटलं तर रोखता आला पायजे. आपल्याकडचे म्हातारे बिडीनं नाईतर चुलीच्या धुरानं छाती खराब झालेले, काही तर 1 मिलीग्रॅममधेच घोरतात अन् ऑक्सिजन खाली. सोबत फेंटॅनिल, ते दुखणं मारणारं जबर औषध, असलं तर विचारूच नका.

वणीवाला:
मंग अर्धाच द्या, थांबून पाहा. उतारा हाय ना, फ्लुमाझेनिल?

कॅथलॅबवाला:
हाय, पण त्याचा असर मिडाझोलमच्या आधी संपते. पेशंट वॉर्डात गेल्यावर पुन्हा गुंगते, अन् तिथं रातच्याले पाहाले कोण?

सिस्टर_यवतमाळ:
मी वणीवाल्या भाऊच्या बाजूनं, पण एकटं मिडाझोलम. फेंटॅनिलनं पोट मंदावते, तोंडातून दिलेली टिकाग्रेलॉर, म्हंजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, रक्तात उशिरा उतरते, 2018 च्या पॅसिफाय अभ्यासात तेच दिसलं. स्टेंट टाकाचा असन तर हे परवडत नाई. अन् त्या अभ्यासात फेंटॅनिल घेतलेल्याईचं दुखणं काई खास कमी नव्हतं बरं.

कापूसवाला:
माह्या काकाले मिडाझोलम दिलं होतं. डॉक्टर म्हणे ब्लॉक हाय, स्टेंट टाकू का, काका हो म्हणे. बाहेर आल्यावर म्हणते मले कोणीच काई विचारलं नाई! बिल भरतानी घरात भांडण.

सिस्टर_यवतमाळ:
मिडाझोलमनं मधलं आठवत नाई, खरं हाय. म्हणून संमती वॉर्डातच घ्याची, गुंगीच्या आधी.

वणीवाला:
तेच तं म्हणतो. आदल्या दिवशीच विचारून ठेवा. संमतीची भानगड तुमची, अन् जागं राहाची सजा पेशंटले?

कॅथलॅबवाला:
सजा नाई हो. घाबरलेल्याले देऊ, मी नाई कुठं म्हटलं. पण झोपेत घोरते का, दारू किती, हे विचारलं का घरचे म्हणतात "नाई जी, बिलकुल नाई".