बाबा बोर्डात लाइनमन होते, वर्षश्राद्धाला त्यांच्याविषयी काय सांगू?

देवरुखची_लेक:
नमस्कार मंडळी. बाबा गेल्या वर्षी श्रावणात गेले. एमएसईबीत लाइनमन होते, संगमेश्वर तालुक्यात, २००५ ला बोर्डाची महावितरण झाली तरी काम तेच, नंतर काही वर्षांनी रिटायर झाले. आता वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा नातवंडांना आजोबा सांगायचेत. घरातले बाबा आम्हा बहिणींना पाठ आहेत, पगाराच्या दिवशी आधी आजीची औषधं मग आमच्या वह्या, आणि चतुर्थीला हमखास लाइट जायची त्यामुळे ते घरी नसायचे, म्हणून आई रात्री ते आले की त्यांच्यासाठी परत आरती करायची आणि आम्ही झोपेतून उठून टाळ्या वाजवायचो. पण पोलवर ते नेमकं काय करायचे हे कधी बोललेच नाहीत. आईने विचारलं तर "झालं काम, वाढ" एवढंच. बोर्डातलं कोणी आहे का इथे?

सबस्टेशनवाला:
ताई, मी ऑपरेटर होतो, चिपळूणकडे. पावसात ११ केव्ही लाइन (गावाकडे येणारी मोठ्या दाबाची लाइन) ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, की लाइनमन बॅटरी आणि कोयता घेऊन रानातून लाइनखालून चालत निघायचा, कुठे फांदी टेकलीय, कुठे इन्सुलेटर फुटलाय बघत. सापडलं नाही तर स्विच उघडून लाइनचे भाग पाडायचे आणि एकेक भाग चार्ज करून, म्हणजे सप्लाय सोडून, बघायचा. पोलवर चढण्याआधी आमच्याकडून परमिट, म्हणजे लाइन बंद आहे, काम करा अशी परवानगी. आम्ही लाइन बंद करून अर्थ करायचो, म्हणजे तारा जमिनीशी जोडायचो, तरी तो स्वतः डिस्चार्ज रॉड लावून जागेवर परत अर्थिंग करणार, कारण कुणाच्या जनरेटरचा उलटा सप्लाय आला तर माणूस जागीच जातो. आणि ज्याने परमिट घेतलं त्यानेच परत केल्याशिवाय लाइन चार्ज करायची नाही, मग गावातून कितीही फोन येवोत. तुमचे बाबा इतकी वर्षं काढून धड घरी आले म्हणजे एकदाही घाई केली नाही त्यांनी. हे नातवंडांना नक्की सांगा.

श्रीवर्धनकर:
३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडे पोल आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात. बाहेरच्या जिल्ह्यांतली पोरं येऊन शाळेत राहिली, चिखलात खड्डे मारून पोल उभे केले. लाइट आली त्या दिवशी गावाने त्यांना जेवण दिलं, पण नावं आज कुणालाच आठवत नाहीत याचं फार वाईट वाटतं. बाबांच्या सेक्शनमधल्या गावांत जाऊन विचारा ताई, म्हाताऱ्या माणसांना लाइनमन नावानिशी ठाऊक असतो.

मावशी_सांगली:
बाळा, आईचं ईपीएस ९५ चं (पीएफवाल्यांच्या योजनेचं) पेन्शन सुरू झालं ना? साहेब गेले की पत्नीला निम्मं मिळतं, नसेल झालं तर मृत्यूचा दाखला घेऊन पीएफ ऑफिसला जा, आणि हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. माझे मिस्टर पण बोर्डातलेच.

देवरुखची_लेक:
मावशी, पेन्शन झालं सुरू. काका, परमिटचं वाचून अंगावर काटा आला. घरी मिक्सर किंवा इस्त्री उघडली की बाबा वायर काढून पिन माझ्या हातात द्यायचे, "मी मागेपर्यंत सोडायची नाही" म्हणायचे, आणि मी आपली तासभर पिन धरून बसायची, मला वाटायचं लहान मुलीला गुंतवून ठेवतायत. ते मला परमिट देऊन बसवत होते हो! आईला आत्ताच वाचून दाखवलं. रविवारी त्यांच्या जोडीदार हेल्पर काकांना भेटायला जातेय, त्यांना काय काय विचारू ते पण सांगून ठेवा.