स्लो कुकरमधला राजमा आठ तासांनीही कडक, मुलाला उलट्या; उरलेला उकळून खाता येईल का?

मंडळी, जरा मदत हवी आहे.

स्लो कुकर घेऊन दोनच आठवडे झालेत. काल सकाळी कामावर निघायची घाई होती, म्हणून रात्री भिजवलेला अर्धा किलो लाल राजमा, कांदा, चार टोमॅटो, मीठ सगळं एकदमच भांड्यात घातलं आणि 'लो'वर लावून निघाले. भिजवलेलं पाणीही फेकलं नाही, सत्त्व वाया जाऊ नये म्हणून.

संध्याकाळी घरात शिरले तर काय सुरेख वास! रस्सा दाट, लालभडक. पण दाणा बोटांत दाबला तर साल सुटून आली आणि आतला गर पांढरा, खडूसारखा. शिजलाय का बघायला मी चार-पाच दाणे खाल्ले. मुलाला (वय नऊ) भूक लागली होती, त्याने अर्धी वाटी संपवली. दोन तासांत त्याला उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ मला मळमळ. अकराच्या सुमारास दोघंही सावरलो, पाणी पोटात टिकू लागलं. आज तो खेळतोय. पण त्याचा तो पांढराफटक चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

उरलेलं जेवण लगेच फ्रीजमध्ये ठेवलंय. राजमा जुना होता की यंत्रात बिघाड आहे? आणि हे प्रेशर कुकरला लावून चार-पाच शिट्ट्या काढल्या तर खाता येईल का? भांडं भरून आहे, टाकवत नाही.

उत्तर:
ताई, आधी मुलाचं. पुन्हा उलट्या झाल्या, लघवी कमी झाली किंवा तो मलूल वाटला तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

यंत्र बहुतेक ठणठणीत आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. खळखळ उकळीत ते नष्ट होतं, नुसत्या गरम पाण्यात नाही. उलट, 80 अंशांच्या आसपास रेंगाळत शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो, आणि 'लो'वर नेमकं तेच होतं. चार-पाच दाणेही पुरतात. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या, मग काही तासांत उतार, तुमचं वर्णन तंतोतंत जुळतंय.

दाणा कडक राहिला त्यात टोमॅटोचा हात आहे. आंबटात डाळी-कडधान्यं लवकर मऊ होत नाहीत. राजमा जुना असेल तर आणखीच.

पुढच्या वेळी किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका. ताज्या पाण्यात गॅसवर खळखळ उकळवा. दहा मिनिटांत हे द्रव्य नष्ट होतं, पण अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन खबरदारी म्हणून तीस मिनिटं सांगतं. मी तीसच धरते. मग स्लो कुकर. टोमॅटो दाणा मऊ झाल्यावरच.

उरलेल्याचं म्हणाल तर शिट्ट्यांनी ते द्रव्य जाईल, हे खरं. तरी मी टाकूनच देईन. कोमट अवस्थेत ते किती तास होतं हे आता कुणाला सांगता येणार नाही, आणि मुलाच्या पोटापुढे अर्धा किलो राजमा काहीच नाही.

प्रश्नकर्ती:
टाकलं. भांडंही घासून ठेवलं. इतके दिवस भिजवलेलं पाणी मी हौसेने वापरत होते, कुणी सांगितलंच नाही. एक शंका राहिली: पांढरा राजमा किंवा डबाबंद राजमा घेतला तर सकाळची ही उकळी टाळता येईल का?

उत्तर:
पांढऱ्यात ते द्रव्य लालपेक्षा कमी, साधारण एकतृतीयांश, पण असतंच. त्यालाही उकळी द्याच. डबाबंद राजमा शिजवलेलाच असतो. तो निथळून, धुऊन शेवटच्या अर्ध्या तासात घाला.