गणिताच्या मुलाखतीसाठी कोडी घोकावीत का?

नाशिकरोडकर:
माझ्या पुतणीने यंदा एम.एस्सी. गणित पूर्ण केले असून कॉलेज रोडवरील एका खासगी क्लासमध्ये ती मुलाखतींची तयारी करते. तिच्या वहीत दोनशे कोडी उत्तरांसह उतरवलेली आहेत. मुंबईत एका विमा कंपनीत तिला विचारण्यात आले की, लागोपाठ दोन छापे मिळेपर्यंत नाणे सरासरी किती वेळा उडवावे लागेल? कोडे वहीतले होते, त्यामुळे तिने तत्काळ ‘सहा’ असे सांगितले. ‘आणि छाप्यामागोमाग काटा हवा असेल तर?’ दोन्ही जोड्यांची संभाव्यता एक चतुर्थांशच, म्हणून तिने पुन्हा सहाच सांगितले.

उत्तर चार आहे. एकदा छापा पडला की काट्याची वाट पाहताना पुन्हा छापा पडला तरी काही बिघडत नाही, कारण हातात एक छापा असतोच. दोन छाप्यांच्या बाबतीत मात्र मध्येच काटा पडला की सारे पहिल्यापासून सुरू करावे लागते. (नोटा छापणाऱ्या गावातली मुलगी नाण्यापाशी अडली, याची घरात थट्टाही झाली.) माझे मत असे की ही घोकंपट्टी निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक आहे. आपल्या देवळालीत शिक्षकी करणाऱ्या गणिती कापरेकरांना ६१७४ ची गंमत सापडली (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले की शेवटी ६१७४ येते), ती आकड्यांशी खेळता खेळता, कोणाची उत्तरे पाठ करून नव्हे.

सातपूरकर:
असहमत. मी अनेक वर्षे टेबलाच्या पलीकडे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसलो आहे. या धाटणीचे गणित ज्याने कधी पाहिलेलेच नाही, त्याची वीसपैकी दहा मिनिटे प्रश्न समजून घेण्यातच जातात. दोष वहीचा नाही, उत्तर मिळताच पान उलटण्याचा आहे. कापरेकरांचे उदाहरण तर येथे गैरलागूच आहे. १९३० ते १९६२ पर्यंत त्यांचा चरितार्थ शाळेच्या पगारावर चालला, ६१७४ वर नव्हे.

शिवाय खरी पडझड कोड्यांवर होतच नाही. बायोडाटात ‘ग्रुप थिअरी’ (गटांचे बीजगणित) ठळक अक्षरांत लिहिलेली असते, पण लॅग्रांजच्या प्रमेयाचा (उपगटाच्या घटकसंख्येने गटाच्या घटकसंख्येला पूर्ण भाग जातो) व्यत्यास, म्हणजे उलट विधान, खरा आहे का, असे विचारले की उमेदवार छताकडे पाहू लागतो. सहाने बाराला भाग जातो, तरी ए-फोर या बारा घटकांच्या गटात सहा घटकांचा उपगट नाही, एवढे एक उदाहरण पुरेसे असते. स्वतःहून लिहिलेल्या विषयावर प्रश्न येणारच, आणि विदाविश्लेषणाच्या (डेटा ॲनालिसिसच्या) जागेसाठी आलेल्याला एसक्यूएलमध्ये, म्हणजे साठवलेल्या विदेला प्रश्न विचारण्याच्या संगणकीय भाषेत, दोन तक्ते जोडता येत नसतील, तर त्याची पदवी पाहून आम्ही काय करावे?

गंगापूर रोडवरील एक प्राध्यापिका:
आपण दोघेही फार उशिराच्या टप्प्यावर वाद घालत आहात. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेसाठी पदवीला किंवा पदव्युत्तर स्तरावर संख्याशास्त्र असावे लागते. निव्वळ गणितावर अर्जच करता येत नाही, आणि हे आमच्या मुलांना एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात कळते. विमागणिती (ॲक्च्युअरी) व्हायचे तर प्रवेश परीक्षेनंतर पुढच्या परीक्षांची मोठी रांग असते, ती नोकरी सांभाळून द्यावी लागते. वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण हवी. एफ.वाय.ला विषय निवडतानाच हे सांगितले, तर निम्म्या मुलांना क्लासची पायरी चढावी लागणार नाही.

नाशिकरोडकर:
बाईंचे म्हणणे मान्य; आमच्याकडे ते कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. सातपूरकरांचे मात्र अर्धेच पटते. काल रात्री मी वही कपाटात ठेवून तिला ‘छापा, काटा, छापा’ या क्रमासाठी तोच प्रश्न घातला. तिने कागदावर प्रत्येक टप्प्याची चौकट काढली, बाण जोडले, तीन समीकरणे मांडली, एकदा चुकली, खोडले आणि चाळीस मिनिटांनी ‘दहा’ असे उत्तर काढले. ते बरोबर आहे, आणि ते तिच्या वहीत नव्हते.

सातपूरकर:
तिचे अभिनंदन. पण मुलाखतीत चाळीस मिनिटे मिळत नाहीत. तेव्हा वही कपाटातून बाहेर काढावी, आणि प्रत्येक उत्तराखाली त्या चौकटी व बाण तिच्याकडून काढून घ्यावेत.