किंग्स्टनने दगड जपला आणि विमानांचा कारखाना पाडला. हे बरोबर झालं का? टोपणनावांनी लिहिणाऱ्या पाच जणांची ही चर्चा.

टेम्सकाठी

लंडनच्या नैऋत्येला, टेम्सच्या काठावर किंग्स्टन आहे. बाबा भारतातून आले की मी त्यांना गिल्डहॉल, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीजवळचा दगड दाखवायला नेतो. कठड्याच्या आत एक ओबडधोबड शिळा आणि तिच्या चौथऱ्यावर सॅक्सन राजांची नावं. ९२५ साली अथेल्स्टन राजाचा राज्याभिषेक या गावात झाला आणि तो याच दगडावर झाला, असं गाव सांगतं. या खेपेला बाबांनी दगडाभोवती एक चक्कर मारली नि म्हणाले, "बरं. आता विमानांचं दाखव."

मी त्यांना कॅनबरी पार्क रोडवर नेलं. दाखवणार काय, रस्ताच.

१९१२ च्या अखेरीस थॉमस सॉपविथ या विमान बनवणाऱ्याने इथली वापरात नसलेली स्केटिंग रिंक घेतली. नौदलाला एक विमान विकून पैसे हातात आले होते. रिंक कशासाठी? जमीन गुळगुळीत, जागा ऐसपैस. विमानाचा आराखडा खऱ्या मापात खडूने जमिनीवर काढायचा आणि त्यावर लाकूड ठेवून कापायचं. बरोबर कोण, तर फ्रेड सिग्रिस्ट, जो आधी सॉपविथच्या यॉटवरचा मेकॅनिक होता, आणि हॅरी हॉकर, ऑस्ट्रेलियातल्या लोहाराचा मुलगा. १९१४ च्या श्नायडर या पाण्यावरच्या विमानांच्या शर्यतीसाठी त्यांनी टॅब्लॉइड विमानाला पाण्यावर उतरायला एकच मोठा तराफा लावला, तर विमान पहिल्याच चाचणीत पाण्यात कलंडलं. वेळ कुठे होता! तो तराफा उभा करवतला, एकाचे दोन केले, टेम्सवर पुन्हा चाचणी घेतली आणि एप्रिलमध्ये मोनॅकोला जाऊन शर्यत जिंकून आले.

पहिल्या महायुद्धातलं कॅमल हे लढाऊ विमान इथलंच. साडेपाच हजारांच्या आसपास बनली, बरीचशी दुसऱ्यांच्या कारखान्यांत, पण आराखडा किंग्स्टनचा. युद्ध संपलं, मागणी आटली, वर सरकारने युद्धातल्या नफ्यावर जबर कर मागितला. १९२० मध्ये सॉपविथने सगळी देणी फेडून कंपनी गुंडाळली आणि काही आठवड्यांत हॉकरच्या नावाने नवी काढली. हॉकर पुढच्याच वर्षी विमान कोसळून गेला, वय ३२. नाव मात्र राहिलं. मग विमानांचे आराखडे करणारा सिडनी कॅम आला आणि हार्ट, फ्युरी, हरिकेन, हंटर, शेवटी उभ्या उभ्या वर उडणारं हॅरियर, अशी रांगच लागली. पुढे काम रिचमंड रोडवरच्या मोठ्या कारखान्यात गेलं. तो १९९२ मध्ये बंद झाला, पाडला, तिथे घरं झाली. उरली रस्त्यांची नावं: सॉपविथ वे, सिग्रिस्ट स्क्वेअर, कॅम गार्डन्स.

माझं म्हणणं एवढंच की एक शेड तरी ठेवायला हवी होती. राजे आले, मुकुट घालून गेले. कारखान्यात गावाने ८० वर्षं घाम गाळला.

हिशेबी

भावना पोचल्या. आता वस्तुस्थिती.

किंग्स्टनला धावपट्टी कधीच नव्हती. हरिकेनचा पहिला नमुना कॅनबरी पार्क रोडवर बनला खरा, पण लॉरीत घालून ब्रुकलँड्सच्या विमानतळावर नेला आणि ६ नोव्हेंबर १९३५ ला तिथून उडाला. हंटर आणि हॅरियरची जुळणी नि उड्डाणं डन्सफोल्डच्या विमानतळावर. म्हणजे किंग्स्टनकरांनी आपलं विमान पूर्ण पंख लावून आकाशात क्वचितच पाहिलं असेल. ब्रुकलँड्सला आज उत्तम संग्रहालय आहे, तिथे हरिकेनही आहे, हॅरियरही. किंग्स्टनशेजारच्या सर्बिटनहून तिकडे गाडी जाते. दुसरं कशाला?

आणि घरांचं म्हणाल, तर लंडनमध्ये भाड्याची खोली शोधून बघा. मी शोधली आहे. त्या आठवड्यात मला कुणी रिकामी शेड दाखवली असती तर मी इतिहासाला नमस्कार करून तिथेच गादी टाकली असती.

रोखठोक

शर्यत, खडू, करवत, सगळं गोड गोड. पण ही विमानं काय करत होती ते कुणी बोलायचंच नाही का?

ज्या हार्टचं नाव टेम्सकाठींनी ओघात घेतलं, त्याची खास 'हार्ट इंडिया' नावाची आवृत्ती होती. १९३० च्या दशकात वायव्य सरहद्दीवर ब्रिटिश वायुदल ती वापरत होतं. टोळ्या वठणीवर आणायला गावांवर बॉम्ब टाकायचे आणि त्याला 'हवाई बंदोबस्त' म्हणायचं, ही तिथली रीत. पायदळ पाठवण्यापेक्षा स्वस्त पडतं म्हणून! कॅम हुशार असेल, वाद नाही. पण आपण, म्हणजे त्या साम्राज्याखाली भरडलेल्यांच्या नातवंडांनी, त्याच्या शेडसाठी गळा काढायचा? आणि ते कॅमल. त्याच्या फिरत्या इंजिनाचा हिसका एवढा की शिकाऊ वैमानिक शत्रू दिसायच्या आधीच मरत.

शेड पाडली ते बेस झालं. घरात निदान माणसं राहतात.

दाबोळीची मुलगी

रोखठोक, तुमचं सरहद्दीचं खरं आहे, नाकारत नाही. पण तुमचे 'आपण' कुठल्या बाजूला होते ते एवढं सरळ नाही हो. कॅमल उडवणाऱ्यांत आपले हरदितसिंग मलिक होते, पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट करून घेतलेले. १९४४ मध्ये इंफाळला अर्जनसिंगांची १ नंबर स्क्वाड्रन हरिकेनवरच लढली. लोंगेवालाला १९७१ मध्ये सकाळी जी हंटर आली, ती याच कॅमची. त्याच युद्धात विक्रांतवरून उडालेली सी हॉकसुद्धा त्याचीच.

आणि माझं घरचं सांगते. पप्पा नौदलात, विमानांच्या देखभालीला. सी हॅरियर डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात दाबोळीला आली तेव्हा मी पाच वर्षांची. इतर विमानं यायची, जायची. हे एक हवेत थांबायचं! आवाज कानात नाही, छातीत यायचा. आई तेवढा वेळ भाताच्या पातेल्यावरचं झाकण हाताने दाबून धरायची, कारण ते थरथरून वाजायचं. पप्पा संध्याकाळी घरी आले की हाताला केरोसिनसारखा वास, आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा मिठावर. समुद्रावर उडून आलेलं विमान धुतल्याशिवाय सोडायचं नाही, मीठ धातू खातं. त्यांच्या माहितीपुस्तकांवर किंग्स्टन हे नाव छापलेलं मी वाचायला शिकले तेव्हा वाचलंय. मला वाटायचं, मोठं कुठलं तरी बंदर असेल.

मे २०१६ मध्ये गोव्यात त्यांना निरोप दिला. एक आता तिथल्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. पप्पा गेले होते बघायला, हात लावून आले. बनवणाऱ्यांच्या गावात मात्र हात लावायला भिंतही नाही, हे वाचून कसंसंच झालं.

हिशेबी

छान लिहिलंत. पण एक दुरुस्ती: हवेत थांबवणारं पेगॅसस इंजिन ब्रिस्टलचं. चार तोट्या फिरवून झोत खाली वळवायची करामत त्या इंजिनाची. मग ब्रिस्टलमध्येही भिंत ठेवायची?

दाबोळीची मुलगी

ठेवा की! माझी ना नाही.

ओझरकर फिटर

मी नाशिकचा, ओझरच्या मिग कारखान्यात ३१ वर्षं काढली. आमचंही गाव नदीकाठचंच, बाणगंगेच्या. १९६४ ला कारखाना आला आणि गावाचं नावच 'ओझर मिग' होऊन बसलं. म्हणून चार शब्द कामाचे सांगतो.

हरिकेनचं खरं कौतुक उड्डाणात नाही, बनवण्यात आहे. सांगाडा नळ्यांचा, पण वेल्डिंग जवळपास नाही. गोल नळीची टोकं दाबून चौकोनी करायची, दोन्हीकडून पत्र्याच्या पट्ट्या लावायच्या, बोल्ट आवळायचे. मागच्या अंगावर लाकडी फासळ्या नि वर कापड. स्पिटफायर या त्याच काळातल्या दुसऱ्या लढाऊ विमानाचे कारागीर पत्र्याच्या गोलाईत अडकले होते तेव्हा यांच्याकडे हार्टच्या वेळचेच कारागीर, तीच हत्यारं, तोच हात. सरकारची ऑर्डर यायच्या आधीच कंपनीने हजार विमानांच्या तयारीला सुरुवात केली, ती त्याच जोरावर. १९४० मध्ये ब्रिटनवरच्या हवाई लढाईत हरिकेनने स्पिटफायरपेक्षा जास्त विमानं पाडली. नाव झालं स्पिटफायरचं. असो, शॉप फ्लोअरवाल्यांना त्याची सवय असते.

पण टेम्सकाठी, तुमच्याशीही माझं जमत नाही. शेड म्हणजे कारखाना नव्हे. कुठल्या नळीला किती दाब सोसवतो हे बोटांना कळणारा माणूस म्हणजे कारखाना. त्याला घरी पाठवलं तेव्हाच संपलं ते. मग पत्रे ठेवा नाहीतर विका. रडायचंच असेल तर १९९२ च्या त्या माणसांसाठी रडा, विटांसाठी कशाला? आमच्याकडेही एकदा काम कमी झालं होतं, जिग, म्हणजे भाग जुळवताना धरून ठेवणारे साचे, रिकामे उभे असायचे. रोज पुसायचो. रिकामा जिग पुसण्यासारखं वाईट काम नाही.

टेम्सकाठी

फिटरकाका, तुमचं म्हणणं लागलं. बाबा शेजारी बसून वाचताहेत, म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतोय, तू नाही."

तरीही दगडाबद्दल एक गोष्ट ऐका. ज्या दगडाला आज कठडा आहे, त्याचा शतकांपूर्वी मानपान काही नव्हता. जुनं चॅपल १७३० मध्ये कोसळलं, दगड तिथला असं म्हणतात. पुढे घोड्यावर चढताना पाय ठेवायला लोक तो वापरत. १८५० मध्ये गावाला एकदम आठवलं की अरे, हा राजांचा! तेव्हा चौथरा बांधला. दगड तोवर टिकला, कारण तो दगड होता. घोडेवाल्यांच्या टाचा खाऊनही राहिला. शेडला ती सवलत नाही. गावाला आठवण येईपर्यंत ती थांबत नाही. म्हणून आधीच ठेवावी लागते, एवढंच.

कारागिरांसाठी काही करता आलं नसतं, मान्य. पण त्यांची नातवंडं त्याच सिग्रिस्ट स्क्वेअरवरून शाळेत जातात आणि सिग्रिस्ट कोण हे त्यांना ठाऊक नाही. मी शेजारच्या मुलाला विचारलं होतं. म्हणाला, फुटबॉलपटू असेल.

हिशेबी

दगडाला छप्पर लागत नाही, वीज लागत नाही, रखवालदार लागत नाही. फुकट जपता येतं ते सगळे जपतात. शेडचा खर्च कुणी द्यायचा ते अजून तुम्ही सांगितलेलं नाही.

पण त्या मुलासाठी शेड कशाला? चौकात एक पाटी लावा. चार ओळी. एवढ्याला माझी हरकत नाही.

रोखठोक

पाटीला माझीही नाही. अट एकच. त्यावर सरहद्दीवरच्या हार्टबद्दल एक ओळ हवी. कॅमल शिकताना मेलेल्या पोरांबद्दल एक.

ओझरकर फिटर

आणि कापड शिवणाऱ्या बायकांची. पहिल्या युद्धात पंखांवर लिननचं कापड ताणून शिवायचं नि त्यावर डोप, म्हणजे कापड ताठ करणारं रोगण, फासायचं काम बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच हातचं. डोपचा वास डोक्यात चढतो, तेही लिहा.

दाबोळीची मुलगी

मिठाची एक ओळ माझ्या पप्पांची.

हिशेबी

अहो, चार म्हटलं होतं मी. एवढं सगळं बसवायचं तर पाटीला शेडच बांधावी लागेल.