गावाचा स्वतःचा टीव्ही चॅनल, वर्षभर चालंल का?

अमळनेरकर: भाचा अमेरिकेत असतो, तिकडे म्हणे केबलवर लोकांचा स्वतःचा चॅनल असतो, ट्रेनिंग घेतलं की कॅमेरा वापरायला देतात आणि आपण बनवलेला कार्यक्रम लावतात. त्याच्या गावच्या केंद्राचा वर्षभराचा हिशोब पाठवला त्याने, नगरपालिकेच्या सभा काय, शाळेच्या मॅच काय, एक आजी तर लोणची घालून दाखवते. आम्ही इथे चार-पाच जण आहोत, एक जुना हँडीकॅम आणि मोबाइल. आखाजी (अक्षय तृतीया), सखाराम महाराजांची यात्रा, कानबाई (आपल्या खानदेशातला श्रावणातला देवीचा सण), पोळा, मग सारंगखेड्याचा घोडेबाजार असं वर्षभर शूट करून लोकल केबलवर लावायचं डोक्यात आहे. परवानगी लागते का? आणि पैसा कुठून आणायचा?

धुळ्याचा_भाऊ: तिकडचं गणित वेगळंय भाऊ. 1984 च्या केबल कायद्याने तिथल्या शहरांना कंपनीकडे असा चॅनल मागता येतो, वर कंपनीच्या केबलच्या उत्पन्नावर 5 टक्क्यांपर्यंत फी घेता येते, त्यातून बऱ्याच ठिकाणी स्टुडिओ चालतो. आपल्या 1995 च्या केबल कायद्यात असलं काही नाही, म्हणजे सगळं केबलवाल्याच्या मर्जीवर, आणि तो आधी विचारणार की जाहिराती किती आणता. संस्था तीन वर्षं जुनी असेल तर कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे गावापुरत्या छोट्या रेडिओ केंद्राचा, अर्ज करा, 2006 पासून संस्थांनाही लायसन मिळतं.

केळीवाला: रेडिओवर घोडा कसा दाखवणार भो 😄

धरणगावची_माहेरवाशीण: परवानगीचं नंतर बघा, आधी साठवायचं ठरवा. 2024 ला तुमच्या अमळनेरात 97 वं साहित्य संमेलन झालं, जो तो मोबाइल वर करून उभा होता, आता मागून बघा कोणाकडे काय सापडतं ते. मी स्वतः कानबाईला मावशीकडे रात्रभर शूट केलं होतं, नारळाला नथ घातलेली, चौरंगावर कानबाई, म्हाताऱ्या बाया अहिराणीत गाणी म्हणतायत, एक विसरली की दुसरी उचलते. सकाळी मिरवणुकीसाठी कार्डात जागा पाहिजे म्हणून भावाने रात्रीचं उडवून टाकलं, न विचारता! मिरवणुकीत नुसता डीजे, गाणं एक ऐकू येत नाही. त्यातल्या दोन बाया पुढच्या कानबाईला नव्हत्या. म्हणून सांगते, दोन हार्डडिस्क घ्या, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा, आणि फाइलला गाव, तारीख, गाणाऱ्या बाईचं नाव लगेच टाका.

आणि कॅमेरा बायांच्या हातात द्या, तुम्ही पोरं आलात की त्या पदर सावरत गप्प बसतात.

अमळनेरकर: ताई, आमच्यात बाई एकही नाही, हे आत्ता लक्षात आलं. बायकोला विचारतो, तिची आजी लय गाणी म्हणते. केबलवाल्याकडे उद्या जाऊन येतो, हार्डडिस्क कितीची घेऊ, 1 टीबी पुरंल का?

धरणगावची_माहेरवाशीण: 2 टीबीची घ्या. आजीकडे मात्र कानबाईची वाट न बघता जा.